शनिवारचं न्हाणं

नात जळगावला पोहायच्या क्लासला जाते तेव्हा तिची पिशवी मी एकदा तरी उघडून बघते. आत रबरी टोपी, डोळ्यांना लावायचा चष्मा, अंगाला फासायचं कसलंसं मलम आणि क्लोरीन काढणारा शाम्पू, असा लग्नाच्या रुखवतासारखा सरंजाम असतो. त्यात मी गुपचूप खोबरेल तेलाची एक चपटी डबी सरकवते. सुनेच्या लक्षात आलं की ती हसते आणि म्हणते, आई, टोपी आहे ना तिला. असू दे, म्हणते मी. डबी का ठेवते ते तिला सांगितलेलं नाही. माझ्या डोक्यावरचे सगळेच केस आता पांढरे झालेत, त्यामुळे त्यातली जन्मापासूनची पांढरी बट कुठली हे मलासुद्धा शोधावं लागतं. ती सापडेनाशी व्हायच्या आत सगळं लिहून काढावं म्हणून बसले आहे.

आम्ही धुळ्याला देवपुरात राहायचो. तीन खोल्या, मागे न्हाणीघर आणि त्याला लागून धुणं वाळत घालायची फरशी. वडील कचेरीत होते, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो. आई प्राथमिक शाळेत शिकवायची. भाऊंची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन माहेरी आली आणि मग आमच्याकडे धुळ्याला राहिली. तिला सगळे अक्का म्हणायचे, म्हणून मीही अक्काच म्हणायचे. घरात पहिला आवाज तिचा असायचा, म्हणजे तिच्या पाट्यावरवंट्याचा. मिरच्या, लसूण, खोबरं वाटून झालं की ती ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायला घ्यायची, आणि त्या थापांवर माझी झोप उडायची. बोलणं कमी. धुळ्यात इतकी वर्षं काढूनही ती चोपड्याकडच्या आमच्या गावासारखंच बोलायची, आणि ते बोलणं बदलावं असं तिला कधी वाटलं नाही.

माझ्या कपाळावर उजवीकडे बोटभर रुंद पांढरी बट होती. ती आमच्या घराण्यातच आहे, मधूनच एखाद्या मुलीला येते. माझ्याआधी ती भाऊंच्या धाकट्या बहिणीला, विमलआत्याला, होती. मी तिला पाहिलेलं नाही. मी जन्मायच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या वर्षी, ती गावाकडच्या केळीच्या मळ्यातल्या विहिरीत बुडून गेली. घरात गोष्ट सांगितली जायची ती अशी: पाणी शेंदायला गेली, पाय घसरला, पोहता येत नव्हतं. बाहेर काढली तेव्हा तिची पांढरी बट हिरवी झाली होती. त्यावरून गावानं ठरवलं की तिला साती आसरांनी ओढून नेलं. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बाया, विहिरीकाठी त्यांचे शेंदूर लावलेले सात दगड असतात. एखादी मुलगी त्यांना आवडली की तिला त्या आपला रंग लावतात, असं गावात मानत. तीच बट घेऊन मी जन्मले, तेव्हापासून अक्का मला नळाखालीही एकटी सोडत नसे.

आईचं गणित उलटं होतं. नणंद पोहता येत नव्हतं म्हणून गेली, तर आपली मुलगी पोहायला शिकलीच पाहिजे. धुळ्यात पोहण्याचा तलाव झाला आणि दुपारी बायकांची बॅच सुरू झाली तसं आईनं माझं नाव घातलं, घरात विचारलंही नाही. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. शिकवायला शमीमबाई होत्या. त्यांच्या घरी पेठेत तेलाचा घाणा होता, त्यामुळे त्यांचा सगळ्या दुखण्यांवर तेलाचा उतारा. पहिल्या दिवशी पाण्याकडे बघूही दिलं नाही. नळाखाली उभं करून केस निथळेपर्यंत भिजवले आणि म्हणाल्या, कोरडा केस तहानलेला असतो, तलावात गेला की तिथलं औषधी पाणी घटाघटा पितो, म्हणून आधी त्याला नळाचं गोडं पाणी पाजायचं. मग तेल, केसांना आणि कोपरं, गुडघे, मान यांनाही. मग घट्ट वेणी आणि वर फडकं. बाहेर आल्यावर अंग कोरडं व्हायच्या आत पुन्हा नळ. आज नातीच्या क्लासातली मुलगी हेच सांगते, फक्त ती बाटल्या विकते.

मी हे सगळं मनापासून करायचे, एक सोडून. बटेला मी तेल लावत नसे. तेल लावलं की ती काळपट दिसायची आणि मला ती पांढरी आवडायची. घरात सगळे तिच्याकडे भीतीनं बघायचे, पण तलावावरच्या मुली बघायच्या त्या कौतुकानं, आणि मला त्याची चटक लागली होती. फडक्यातून ती मुद्दाम बाहेर काढून ठेवायचे. चौदाव्या वर्षी दुसरं काय मिरवणार?

महिनाभरात माझं शरीर तलावाचं झालं. कातडी पांढरट पडून ताणायची, नखानं ओढलं तर दंडावर अक्षर उमटायचं. घरी जेवायला बसून झणझणीत शेवभाजीचा घास घेतला की कपाळावर घाम यायचा आणि त्या घामाला ब्लीचिंग पावडरचा वास असायचा. उशीला तो वास, दप्तराला तो वास. संध्याकाळी दिवे लागले की प्रत्येक दिव्याभोवती मला रंगीत कडं दिसायचं. देवाजवळच्या निरांजनाभोवती दिसायचं तसं अक्काच्या तोंडाभोवतीही दिसायचं, कारण ती निरांजनामागे बसून माझ्याकडे बघत असायची. डोळ्यांना पाणी झोंबल्यामुळे तसं होतं, हे आता कळतं. तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही.

अक्का रोज तलावावर यायची. आत नाही, तारेच्या जाळीबाहेर कडुनिंबाखाली. डोक्यावर पदर, मांडीवर हात, दीड तास हलायची नाही. मी बुडी मारून वर आले की आधी जाळीकडे बघायचे, तिचे ओठ हलत असायचे. मला वाटायचं जप करते. एकदा जवळून ऐकलं तर ती आकडे मोजत होती, मी पाण्याखाली किती वेळ आहे ते. कुठवर मोजायचं हे तिला कुणी शिकवलं असेल, असा प्रश्न माझ्या मनात येऊन गेला आणि मी तो सोडून दिला. ती मोजण्यात चुकायची नाही असंही नव्हतं. वर्षातून एकदा आम्ही गावाकडे विहिरीवर आसरांना दहीभात ठेवायला जायचो, तेव्हा सात दगडांपुढे ती आठ मुटके ठेवायची. मी लहानपणी बोट दाखवून विचारलं होतं तर भाऊ म्हणाले, तिला मोजता येत नाही, राहू दे.

एके दुपारी तलावाला सुट्टी होती म्हणून अक्का मागच्या फरशीवर उन्हात माझी वेणी घालत होती. फणी कपाळापाशी आली आणि थांबली. मला वाटलं ऊ सापडली. मग फणी फरशीवर पडल्याचा आवाज आला. मी वळले तर ती भिंतीला पाठ लावून उभी होती. "उनी ती," ती म्हणाली. ती आली. मी आरसा घेऊन उन्हात गेले. बट हिरवी झाली होती. पोपटी नाही, तांब्याच्या भांड्याला कडेनं कळंक चढतो तशी. बाकीचे केस काळेभोर आणि तेवढीच हिरवी. घरात सावलीत आणली की ती नुसती मळकट दिसायची, पुन्हा उन्हात गेले की हिरवी. मी चारपाच वेळा आतबाहेर केलं आणि पाचव्या वेळी रडायला लागले. मी रडताना अक्कानं मला पोटाशी धरलं आणि विमल, विमल, म्हणत राहिली. माझं नाव ते नाही.

संध्याकाळी घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण अक्का एकच वाक्य बोलली. "पोरले पानीमा जाऊ देऊ नको." आई तिला समजावत राहिली, काहीतरी रसायन असेल, केसच आहेत, उतरतील. अक्का तुळशीपाशी जाऊन बसली आणि जेवायला उठली नाही. भाऊंनी शेवटी ठरवलं की अक्काला पटेपर्यंत तलाव बंद. तिची एक बहीण गेली आहे, तिला पुन्हा त्यातून नेणं मला जमणार नाही, असं ते म्हणाले. आई म्हणाली, ठीक आहे, मी पटवते त्यांना. आईला रागावलेली मी क्वचितच पाहिली. त्या दिवशी ती रागावली होती. मला पोहण्यावाचून राहायचं दुःख होतं, पण त्याहून मोठी भीती अशी की अक्का खरं बोलत असेल. आरशात माझ्या कपाळावर दुसरीच कुणीतरी आहे असं मला वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी आई शाळेतून परस्पर तलावावर गेली, मला बरोबर घेऊन. तलावाची देखभाल करणारे नाना आमच्या चोपड्याकडचेच, आधी केळीच्या मळ्यात कामाला होते. आईनं पाण्यात काय काय टाकता ते विचारलं. त्यांनी ब्लीचिंगचं पोतं दाखवलं. आणखी? तेव्हा ते जरा अभिमानानं आम्हाला खोल बाजूच्या कोपऱ्यात घेऊन गेले. पाण्यात एक दोरी सोडली होती. त्यांनी ती ओढली आणि फडक्याची एक पोटली वर आली, तिच्यातून निळंशार पाणी गळत होतं. मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार. "हिरले शेवाळ उनं का आम्ही हाईच टाकतस," नाना म्हणाले. "पानी कसं काचसारखं व्हई जास." जुनी रीत होती. आमच्या भागातल्या मळ्यामळ्यात विहिरीला शेवाळ आलं की मोरचुदाची पोटली सोडत, तीच त्यांनी तलावाला लावली होती. त्यात त्यांना वावगं काही वाटत नव्हतं, आणि खरं तर पाणी स्वच्छ झालंही होतं.

आईला उत्तर सापडलं होतं. आमच्या मळ्यातल्या विहिरीतही मोरचूद टाकत, हे भाऊंनीच सांगितलं. म्हणजे विमलआत्याची बट आसरांनी नाही, मोरचुदानं हिरवी केली. आई अक्काला हे नुसतं सांगू शकली असती. पण ती मास्तरीण होती, तिला प्रयोग करून दाखवल्याशिवाय चैन पडायचं नाही. तिनं अक्काच्या फणीतले पांढरे केस गोळा केले, दोऱ्यानं बांधून छोटी बट केली, आणि तलावाच्या पाण्यानं भरलेल्या काचेच्या पेल्यात सोडून खिडकीत ठेवली. अक्का, हे केस कुणी नेले नाहीत, कुणी धरले नाहीत, बघा याच पेल्यात हिरवे होतील, म्हणाली. मी रोज तलावावर जाऊन बाटली भरून आणायची आणि पेल्यातलं पाणी बदलायचं.

आपले केस पाण्यात ठेवलेत म्हटल्यावर अक्का त्या खोलीत पाय ठेवीनाशी झाली. पाट्यावरवंट्याचा आवाज बंद झाला, आई मिक्सरवर वाटायला लागली. पेल्यात केस हळूहळू उलगडून उभे राहिले होते आणि खिडकीतून वारा नसतानाही हलायचे. मी पाणी बदलताना डोळे मिटून घ्यायचे. पहिल्या दिवशी काही झालं नाही. चौथ्या दिवशी नाही. आठव्या दिवशी आई पेला उन्हात धरून बराच वेळ बघत राहिली, केस पांढरेच होते. माझा धीर सुटत चालला, मला वाटलं अक्काच खरी. मग अकराव्या का बाराव्या दिवशी किंचित झाक आली आणि तिसरा आठवडा लागता लागता पेल्यातली बट माझ्या बटेच्या रंगाची झाली. मी आनंदानं आईला हाक मारली. आई आली, तिनं पेला उचलला आणि तिचा चेहरा उतरला. मी विचारलं, आई, आपण जिंकलो ना? ती म्हणाली, तीन आठवडे लागले गं.

मला तेव्हा कळलं नाही. आईला कळलं होतं. विहिरीत एका दुपारी बुडालेल्या मुलीची बट एका दुपारीत हिरवी होत नाही. ती हिरवी व्हायला आठवड्यांमागून आठवडे त्या पाण्यात जावं लागतं.

तो शनिवार होता. आई पेला घेऊन मागच्या फरशीवर गेली, मी मागोमाग. अक्का पितळी भांडी घासत होती, शेजारी चिंचेचा कोळ होता. आईनं पेला तिच्यासमोर ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "अक्का, त्यांना पोहता येत होतं ना?" अक्कानं पेल्याकडे पाहिलं. नंतर माझ्याकडे. मग मला हातानं जवळ बोलावलं, पाटावर बसवलं आणि भांड्यांसाठी काढलेला तो चिंचेचा कोळ माझ्या बटेला चोळायला लागली. तिची बोटं एवढ्या सवयीनं चालत होती की मी दचकले. मुळाशी अंगठा, मग दोन बोटांत धरून टोकापर्यंत ओढायचं, मग थांबायचं, पुन्हा कोळ. हिरवं पाणी माझ्या नाकावरून फरशीवर ठिबकत होतं. काय लावलं की हा रंग निघतो, हे आईला ठाऊक नव्हतं, शमीमबाईंना नव्हतं. अक्काला ठाऊक होतं.

"तिना केस बी मीच धोयात," ती म्हणाली. "दर शनवारले."

मग ती बोलत राहिली, माझ्या डोक्यावरून, आईशी. विमलआत्या दुपारी मळ्यात कुणी नसताना विहिरीत उतरायची. कुणी शिकवलं नाही, आपली आपणच शिकली. दहा दहा वेळा विहीर पार करायची. अक्का काठावर राखण बसायची आणि ती पाण्याखाली किती वेळ राहते ते मोजायची. बट हिरवट व्हायला लागली की शनिवारी चिंचेनं धुवून पांढरी करून द्यायची, म्हणजे घरात कुणाला कळत नसे. मग विमलआत्याचं लग्न ठरलं. आता तरी विहीर सोड, म्हणून अक्का मागे लागली, ती ऐकेना. तेव्हा रागाच्या भरात अक्कानं धुणं थांबवलं. "म्हनं, बठ्ठासले दिसू दे एकदाव, म्हंजे हिरमा जानं बंद व्हई." सगळ्यांना एकदा दिसलं की विहिरीत जाणं आपोआप थांबेल, असं तिला वाटलं. दोन शनिवार केस धुतले नाहीत. आणि त्या दुसऱ्या रविवारी नवऱ्या मुलाकडची माणसं न कळवता आली. त्यांनी उन्हात उभ्या मुलीची हिरवी बट पाहिली, पाण्यातली बाधा आहे म्हणाले, आणि नारळ परत करून गेले. घरात विमलआत्याशी चार दिवस कुणी बोललं नाही. अक्काही बोलली नाही. पाचव्या दिवशी दुपारी विमलआत्या विहिरीवर गेली, तेव्हा काठावर मोजायला कुणी नव्हतं.

"पव्हता येत व्हतं अशी सांगं असतं, तं लोके इचारतीन, मंग बुडनी कशी," अक्का म्हणाली. म्हणून तिनं आसरांचं नाव सांगितलं आणि सगळ्यांनी ते सोयीनं मानून घेतलं. आईनं तांब्या घेतला आणि अक्का धुवत असलेल्या माझ्या केसांवर पाणी ओतायला लागली. मला आठवतं, मला तेव्हा फार थंडी वाजत होती, भर दुपारी, तापलेल्या फरशीवर. अक्कानं बट पंच्यानं टिपली, उन्हात धरून पाहिली. पांढरी स्वच्छ झाली होती. तिनं तेलाची चपटी डबी काढून मुळापासून टोकापर्यंत तेल चोळलं, ती काळपट दिसेपर्यंत. मग म्हणाली, सोमवारपासून जा. "पन शनवार चुकाडू नको."

मी गेले. खोल बाजूला गेले, पुढे शमीमबाईंबरोबर लहान मुलींना शिकवायलाही लागले. अक्का जाळीबाहेर यायची आणि मोजायची. मी वर आले की आकडा अर्धवट सोडून द्यायची. भाऊंना हे आईनं सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. ते शेवटपर्यंत दरवर्षी आसरांना दहीभात घेऊन जात राहिले आणि अक्का आठ मुटके ठेवत राहिली. मी ते मोजायचे, पण आठवा कुणाचा हे कळल्यापासून चूक दाखवायचं बंद केलं होतं.

अक्का जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तलावात उतरायचं मीही सोडलंय, पण शनिवारी चिंचेच्या कोळानं केस धुते, हिरवं काही नसलं तरी धुते. सुनेला वाटतं कोंड्यासाठी. गेल्या वर्षी नातीला घेऊन गावाकडे गेले. मळा दुसऱ्यांचा आहे, विहिरीवर जाळी बसवली आहे, खाली पाणी तेवढंच काळं. सात दगड जागेवर आहेत आणि कुणीतरी त्यांना अजून शेंदूर लावतं. नातीनं डब्यातला दहीभात काढला आणि विचारलं, आजी, किती ठेवायचे? मी एकच मुटका केला आणि दगडांपासून बाजूला, जिथून विहिरीत उतरायच्या पायऱ्या सुरू होतात तिथे ठेवला. त्या सातजणींनी काही केलं नव्हतं.